आराम केला की वाढणारं दुखणं

आपल्याकडे कंबर दुखायला लागली की निदान घरातच होतं. उसण भरली, गादी सरकली, मणक्यात गॅप आली. आणि बाई असेल तर बाळंतपणात वारा लागला. माझ्या वाट्याला हे शेवटचं निदान आलं आणि ते सात वर्षं टिकलं. शेक झाला, तेल झालं, कंबरेचा पट्टा झाला. सगळ्यांनी मायेने सांगितलं, जड उचलू नकोस, पडून राहा. मी पडून राहिले आणि आणखी आखडत गेले.

शेवटी एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी विचारलं, "दुखणं सकाळी जास्त असतं की दिवसभर राबून संध्याकाळी?" सकाळी, मी म्हटलं. उठल्यावर तासभर केर काढायलासुद्धा वाकता येत नाही, दुपारपर्यंत मात्र मोकळी होते. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. कधी डावा कुल्हा ठणकतो, कधी उजवा. त्यांनी पुढचं ऐकण्याआधीच कागदावर एमआरआय लिहिला.

त्या एका प्रश्नात माझ्या आजाराची, म्हणजे अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या संधिवाताची, अर्धी ओळख आहे, म्हणून इथूनच सुरुवात करते. ओझं उचलून, वाकून काम करून दुखावलेली कंबर आराम केला की शांत होते. अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसची कंबर आरामाने चिडते आणि हालचालीने सैल होते. दुखणं हळूहळू सुरू होतं, बहुतेकांना विशी-तिशीत, पंचेचाळिशीनंतर क्वचितच. तीन महिन्यांहून जास्त टिकतं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो. हे सगळं जुळत असेल तर हाडांच्या दवाखान्यातून बाहेर पडून संधिवाततज्ज्ञांकडे जायला हवं. नावातल्या साम्यामुळे पुष्कळांना हे मानेचं 'स्पॉन्डिलोसिस' वाटतं. ती वयाने होणारी झीज. हा दाह आहे, आणि तो तरुणपणी येतो.

आत काय चालतं

कंबरेच्या खाली, पाठीवर दोन बाजूंना दोन खळ्या दिसतात. त्यांच्या आत खोलवर कण्याचं शेवटचं त्रिकोणी हाड आणि कुल्ह्याचं हाड जोडलेलं असतं. डॉक्टर त्याला एसआय जॉइंट म्हणतात. आजार बहुधा इथून सुरू होतो आणि मग कण्यातून वर चढतो. पण त्याचं खरं लक्ष सांध्याच्या पोकळीपेक्षा दुसऱ्याच एका जागेवर असतं: स्नायूंच्या दोऱ्या आणि हाडांना बांधून ठेवणारे पट्टे जिथे हाडात रुततात ती जागा. म्हणून कंबरेच्या या आजारात टाच दुखते, बरगड्या छातीला मिळतात तिथे दुखतं, आणि शिंक आली की जीव घाबरा होतो.

या जागी आपलीच प्रतिकारशक्ती कारण नसताना पेटते. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवत राहतात. त्यातले टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१७ हे दोन लक्षात ठेवा, पुढे औषधांत लागतील. दाह आधी हाडाचा काठ कुरतडतो. मग शरीर दुरुस्तीला लागतं आणि जिथे हाड नको तिथे हाड घालतं. दोन मणक्यांच्या कडांवर हाडाचे पूल वाढतात आणि ते जुळले की तेवढा कणा वाकायचा थांबतो. पुढच्या टप्प्यातल्या एक्स-रेमध्ये तो पेरांच्या बांबूसारखा दिसतो. ही अवस्था सगळ्यांना येत नाही, आणि येते त्यांनाही वर्षानुवर्षांनी येते. नेटवरचे फोटो पाहून रात्र जागवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते.

म्हणजे दुखणं, दाह आणि हाडांचं जुळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकमेकींशी नातं आहे, पण एक म्हणजे दुसरी नव्हे. दुखणं कमी झालं म्हणजे दाह गेला असं नाही, आणि दुखतंय म्हणजे दाह वाढलाच असंही नाही. हे कळायला मला फार वेळ लागला. तोपर्यंत मी दुखेल तेव्हा गोळी घ्यायचे आणि बरं वाटलं की थांबायचे.

तपासण्यांनी घाबरू नये, निर्धास्तही होऊ नये

एचएलए-बी२७ या जनुकाचं आणि या आजाराचं नातं १९७३ मध्ये उजेडात आलं. बहुतेक रुग्णांत ते सापडतं. पण उलट बाजूने पाहिलं तर ज्यांच्यात हे जनुक आहे, त्यांतल्या शंभरांपैकी साधारण पाचच जणांना, किंवा त्याहूनही कमी जणांना, हा आजार होतो. त्यामुळे कंबर दुखत नसताना ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. मुलांना होईल का, हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांच्या मनात असतो. जनुक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. घरात रुग्ण असल्याने आजाराची शक्यता थोडी वाढते, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. माझ्या मुलाची तपासणी मी केलेली नाही. त्याची सकाळ कशी उगवते याकडे लक्ष ठेवते, एवढंच.

रक्तातले ईएसआर आणि सीआरपी दाह दाखवतात, पण इथे ते कितीतरी रुग्णांत नॉर्मल येतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुला काही झालेलं नाही" हे वाक्य ऐकून परत आलेली माणसं मी खूप पाहिली, त्यांत बायका जास्त. एक्स-रेवर बदल दिसायला काही वर्षं जातात. हाडाच्या आतली दाहाची सूज आधी एमआरआयला दिसते, तोही एसआय जॉइंटचा काढला तर. नुसता कंबरेचा काढला तर नेमकी हीच जागा सुटू शकते. २००९ मध्ये आजाराच्या वर्गीकरणाचे नवे निकष आले तेव्हापासून एक्स-रे स्वच्छ असूनही आजार मान्य होऊ लागला.

पेनकिलर हा शब्द इथे गैरसमज करतो

नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब. मेडिकलवाला यांना पेनकिलर म्हणतो, घरचे म्हणतात पेनकिलरने किडनी जाते, आणि रुग्ण अर्धी गोळी खाऊन दात आवळत बसतो. प्रत्यक्षात या गोळ्या दाहरोधक आहेत. दाह पेटवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होण्याची वाट त्या अडवतात. या आजारात त्या उपचाराची पहिली पायरी आहेत, वेळ मारून नेण्याचं साधन नाहीत. म्हणून त्या पूर्ण मात्रेत आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस सलग घ्याव्या लागतात. पुष्कळांना एक-दोन दिवसांतच असा फरक पडतो की तो फरक हाच निदानाचा एक पुरावा धरला जातो. एकीने काम झालं नाही तर दुसरी देऊन बघतात, मिळून साधारण चार आठवडे. दोन्हींनी भागलं नाही तर पुढच्या पायरीचा विचार होतो. सकाळचा ताठरपणा फार असेल तर दीर्घकाळ विरघळणारी गोळी रात्री घेण्याचा सल्ला मिळतो. मला त्यानेच पहाटेची झोप परत मिळाली.

पण घरच्यांची भीती निराधार नाही, आणि ती उडवून लावणं चुकीचं ठरेल. या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणून जेवणानंतर घ्यायच्या, गरज असेल तर सोबत आम्ल कमी करणारी गोळी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्तदाब तपासायचा. आधीच रक्तदाब असेल तर एटोरिकॉक्सिब सुरू करण्यापूर्वी तो आटोक्यात हवा. डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एका वेळी यातली एकच गोळी. दात दुखला म्हणून दुसरी घ्यायची नाही. भर पडायची असेल तर पॅरासिटामॉलची, तीही विचारून.

दोन गोष्टी आपल्या हवेमुळे जास्त महत्त्वाच्या आहेत. मे महिन्यात उन्हात काम करून, किंवा उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जास्त घातक ठरतात. आणि पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत त्या थांबवायच्या, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो. तापाला पॅरासिटामॉल घ्यायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. दिवस गेले असतील किंवा बाळाचा विचार असेल तर ते आधी सांगायचं. विशेषतः गरोदरपणाच्या उत्तरार्धात या गोळ्या टाळतात.

स्टेरॉइडबद्दल थोडं सांगायलाच हवं. एखाद्या सुजलेल्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ते योग्य आहे. पण कण्याच्या दाहावर महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या हा या आजाराचा उपचार नाही. आणि तरीही "वातावरचं हमखास औषध" म्हणून नाव-गाव नसलेल्या ज्या पुड्या मिळतात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं वारंवार आढळतं. तीन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. अशी पुडी कुणी घेत असेल तर ती एकदम बंदही करू नका, शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता झोपलेली असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि न लाजता खरं सांगा. ते रागावले तरी सांगा.

मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलाझिन ही नावं आमवाताच्या रुग्णांकडून कानावर पडतात. सल्फासॅलाझिनचा हातापायांच्या सांध्यांना उपयोग होऊ शकतो, कण्याला या दोन्हींचा होत नाही.

इंजेक्शनची पायरी

गोळ्यांनी भागत नाही हे ठरवायला डॉक्टर सहा प्रश्नांची एक पट्टी वापरतात, तिचं नाव बासडाय. गेल्या आठवड्यातला थकवा, कण्याचं दुखणं, इतर सांधे, दाबल्यावर दुखणाऱ्या जागा, सकाळच्या ताठरपणाची तीव्रता आणि तो किती वेळ टिकला. प्रत्येकाला ० ते १० गुण. शेवटच्या दोन उत्तरांची सरासरी काढून ती बाकी चारांत मिळवतात आणि पाचाने भागतात. उत्तर ४ किंवा जास्त म्हणजे आजार जागा आहे. थकवा यादीत पहिला आहे हे वाचून मला रडू आलं होतं, कारण तोवर त्याला आळस म्हटलं जात होतं.

पुढची औषधं म्हणजे बायोलॉजिक्स, जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेली इंजेक्शनं. टीएनएफ हा निरोपच वाटेत पकडणारी ॲडालिमुमॅब, इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब. आणि इंटरल्युकिन-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब. हात-पाय, कणा, थकवा, सगळ्यावर फरक पडतो. काहींना दोन-चार आठवड्यांत कळतो, पण औषध लागू पडलं की नाही हे निदान बारा आठवड्यांनी ठरवतात. वर्षानुवर्षं दाह दबलेला राहिला तर हाडं जुळण्याचा वेगही मंदावतो, असं दीर्घकाळच्या निरीक्षणांत दिसलं आहे. कोणतं निवडायचं हे बाकीच्या शरीरावर ठरतं. डोळ्याचा दाह वारंवार होत असेल, किंवा आतड्याचा दाह असेल, तर ॲडालिमुमॅबसारखं औषध बरं पडतं. आतड्याच्या दाहात सेक्युकिनुमॅब टाळतात. सोरायसिस जोरात असेल तर तेच उपयोगी येतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे. ॲडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच, झायडस कॅडिलाने बाजारात आणली. त्यानंतर इतरही आल्या आणि किमती उतरल्या. तरी सामान्य घराला हा खर्च जड जातो. टोफासिटिनिब ही जॅक गटातली (पेशीच्या आत निरोप पोचवणारं जॅक हे विकर अडवणारी) गोळी आपल्याकडे जेनेरिकमध्ये मिळते आणि सुईपेक्षा स्वस्त पडते. तिच्यासोबत नागीण होण्याचा धोका वाढतो. वय जास्त, धूम्रपान, हृदयविकार किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेली असेल तर ती देताना डॉक्टर जपून असतात.

यातलं काहीही सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी. आपल्या देशात हे टाळून चालतच नाही. पुष्कळांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. शरीराने त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्यांना कोंडलेलं असतं, आणि त्या भिंतीची डागडुजी टीएनएफ करतो. टीएनएफ अडवला की भिंत ढासळू शकते. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मँटू (कातडीत टोचून) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी होते. झोपलेला क्षय सापडला तर घाबरायचं नाही, हा आजारी क्षय नव्हे. काही महिन्यांचं प्रतिबंधक औषध देतात आणि साधारण महिनाभर ते घेतल्यावर इंजेक्शन सुरू होतं. कावीळ बी आणि सीची तपासणीही त्याच वेळी होते.

इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की वाया गेलं. मी दारापासून लांब, मधल्या फळीवर ठेवते, आणि गावी जाताना बर्फाच्या पिशवीला ते थेट टेकणार नाही अशी टॉवेलची घडी मध्ये घालते. अंगात ताप असेल, खोकला चिघळला असेल, जखम पिकली असेल तर त्या वेळचं इंजेक्शन पुढे ढकलायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. आणि छान वाटतंय म्हणून आपल्या मनाने थांबायचं नाही. पूर्ण थांबवलेल्या बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परत जागा होतो. दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवणं काहींना जमतं, पण ते डॉक्टरांसोबत ठरवायचं.

तरीही दुखतं, तेव्हा

हा भाग कुणी नीट समजावत नाही, म्हणून इथे थांबते. औषध चालू आहे, सीआरपी नॉर्मल आहे आणि तरी दुखतंय. तेव्हा दुखण्याची वेळ आणि जात पाहायची. सकाळी ताठ, चालल्यावर सैल: दाह शिल्लक आहे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी कंबर भरून आली: स्नायू थकलेत, किंवा आधी झालेल्या नुकसानीचा तो भार आहे. सगळं अंग हलक्या स्पर्शानेही दुखतं, झोप लागत नाही, डोकं जड: वर्षानुवर्षांच्या वेदनेने मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झाली असेल. त्या दुखण्यावर आणखी भारी इंजेक्शन चालत नाही. झोप सुधारणं, हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि वेगळ्या प्रकारची औषधं चालतात. मी एका वहीत रोज तीनच नोंदी करते: ताठरपणा किती मिनिटं, रात्री किती वेळा जाग, गोळी घेतली का. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत ती वही माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

चौथी जात वेगळी आणि धोक्याची. ज्यांचा कणा जुळलेला आहे त्यांना घरात घसरून पडण्यासारख्या लहानशा अपघातानंतर अचानक नवं, तीव्र दुखणं सुरू झालं, तर ते हाड मोडलेलं नाही हे सिद्ध होईपर्यंत मोडलेलंच समजायचं. जुळलेला कणा बाहेरून टणक दिसतो, पण आतून ठिसूळ असतो आणि कांडीसारखा मोडतो. साध्या एक्स-रेत ते सुटू शकतं, सीटी किंवा एमआरआय मागा. म्हणूनच कटाकट मणके बसवून घेणं, मानेला झटका देणं, पाठीवर पोराला चालायला लावणं, उसण जावी म्हणून पायाळू माणसाची लाथ खाणं, यातलं काहीही या आजारात करू नका. हात जोडून सांगते.

व्यायाम मात्र औषधाइतकाच आहे, आणि तो रोजचा. गरम पाण्याने अंघोळ करून सैल झाल्यावर मी अर्धा तास देते. त्यात पंधरा मिनिटं पालथं पडून राहणं, भुजंगासन, खांदे मागे नेणं, आणि बरगड्या फुलतील असा खोल श्वास. कणा पुढे वाकून जुळू नये म्हणून मागे ताणण्यावर भर. पोहता येत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. मान ताठरलेल्यांनी शीर्षासन करू नये. उशी पातळ ठेवावी. महिन्यातून एकदा भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहायचं, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का ते पाहायचं. टेकत नसेल तर अंतर मोजून लिहायचं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा कणा लवकर जुळत असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा सोडायला मदत मागा.

दुखणं अचानक उसळलं तर अंथरूण धरू नका. व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी ठरवून दिलेली गोळी नियमित घ्या, शेक घ्या, आणि आठवड्यात उतरलं नाही तर दाखवा.

राहिला डोळा. साधारण चारांतल्या एका रुग्णाला, किंवा थोड्या जास्तच जणांना, कधी ना कधी डोळ्याच्या आत दाह होतो. लोकांना वाटतं डोळे आले. डोळे आले की बहुधा दोन्ही लाल होतात, चिकट पाणी येतं, खाज सुटते. इथे एकच डोळा लाल होतो, आत खोल दुखतं, उजेड सहन होत नाही, धुरकट दिसतं आणि चिकटपणा नसतो. मेडिकलमधून थेंब आणून दिवस घालवू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि कंबरेच्या आजाराचं नाव सांगा. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते. माझ्या आतेबहिणीच्या बाबतीत उलटा प्रवास झाला. तिचा डोळा वर्षात दोनदा लाल झाला, आणि दुसऱ्या वेळी नेत्रतज्ज्ञांनी तपासता तपासता विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का हो?"